गाडीला झेनॉन लाईट बसवावेत का? माझा दीड वर्षांचा अनुभव

गेल्या कोजागरीला मंडळाच्या कार्यक्रमात दूध आटायची वाट बघत आम्ही सात-आठ जण गच्चीवर उभे होतो. विषय नेहमीप्रमाणे गाड्यांवर आला. आमच्यातल्या एकाने नुकतीच जुनी हॅचबॅक घेतली आहे आणि दिवाळीला तो ती घेऊन गावी जाणार होता. त्याने मला विचारलं, "दादा, तुझ्या गाडीला झेनॉन होते ना? कुठून बसवलेस? मेमो तर फाटत नाही ना?"

मी म्हटलं, "बसवले होते. काढून टाकले."

"का रे? पोलिसांनी पकडलं?"

"पोलिसांनी एकदाही नाही. नानांनी पकडलं."

सगळे हसले, तेवढ्यात दुधाचे पेले आले आणि विषय राहून गेला. पण त्यानंतर आणखी दोघांनी फोन करून तेच विचारलं. आपल्याकडे नव्याने गाडी घेणारी मुलं बरीच आहेत आणि बहुतेकांची गावं खान्देशात, म्हणजे रात्रीचा प्रवास ठरलेला. म्हणून जे गच्चीवर सांगायचं राहिलं ते इथे नीट लिहितो.

किट का बसवलं

आम्ही इच्छापोरला राहतो. एका बाजूला हजिऱ्याचे कारखाने, दुसऱ्या बाजूला पाल-अडाजण आणि मधून हजिरा रस्ता. ट्रेलर, टँकर, कंपन्यांच्या बसेस, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या स्कूटर आणि सायकली. हाच रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. हजिऱ्याहून निघून तो व्यारा, सोनगढ, नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा करत थेट ओडिशातल्या पारादीपला जातो. थोडक्यात, माझ्या घराजवळचा रस्ता सरळ माझ्या गावाकडे जातो. आमचं गाव अमळनेर तालुक्यात आहे.

सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आपण सगळेच ऑफिस सुटल्यावर निघतो. नवापूर येईपर्यंत अंधार झालेला असतो. पुढे विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट. माझी गाडी जुनी, साधी हॅलोजनवाली. समोरून कोणी अप्पर मारत आला की माझे लाईट लागलेत की नाही तेच कळायचं नाही. एका दिवाळीला घाटात रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रक मला अगदी शेवटच्या क्षणी दिसला. मागे बायको, मुलगी आणि नाना झोपले होते. त्यांना काही कळलंही नाही, पण माझे हात धुळ्यापर्यंत थरथरत होते.

सूरतला परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. साडेतीन हजारांत झेनॉन किट, फिटिंगसकट. मी विचारलं, "हे चालतं ना? आरटीओचं काही?" दुकानदार म्हणाला, "साहेब, आरसीत लाईट लिहिलेले असतात का? मग कोण काय करणार?" मला ते पटलं. आरसीत इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, इंधन, सीटं सगळं असतं. हेडलाईटचा बल्ब कुठला हे खरंच नसतं.

त्या रात्री हजिरा रस्त्यावर एक चक्कर मारली. रस्ता पांढराशुभ्र. सांगायला लाज वाटते, पण एखाद्या महागड्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. पुढचं दीड वर्ष मी तसाच हिंडलो. समोरचे लोक वारंवार डिपर द्यायचे. मी लाईट डिपवरच ठेवलेले असायचे, त्यामुळे वाटायचं की ह्यांनाच काहीतरी त्रास आहे.

नानांचा हात

नाना म्हणजे माझे वडील. वय अडुसष्ट. अर्धं वर्ष गावी, अर्धं आमच्याकडे. इच्छापोरला असले की संध्याकाळची भाजी आणि दूध त्यांच्याकडे. स्कूटर हळू चालवतात, हेल्मेट घालतात, उलट्या बाजूने जात नाहीत.

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला शेजारच्या दुकानदाराचा फोन आला की नाना पडलेत. समोरून गाडी आली, डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं आणि रस्त्याची कड कुठे संपते ते त्यांना दिसलं नाही. पुढचं चाक खडीत गेलं. गाडीने धडक दिली नाही. ती थांबलीही नाही, कारण तिच्या चालकाला काही घडल्याचं कळलंच नसणार. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. डोक्याला काही झालं नाही, हे हेल्मेटमुळे.

दवाखान्यातून परत येताना ते माझ्या शेजारी बसले होते. मी गाडी सुरू केली, समोरच्या भिंतीवर लाईट पडला. नाना त्या भिंतीकडे बघून म्हणाले, "असेच होते रे लाईट. तुझ्यासारखे. पांढरे."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. गाडी कुठली होती असं मी मघाशी विचारलं होतं, त्याचं ते उत्तर होतं. पण मला पुढे काही बोलता आलं नाही. माझी गाडी त्या वेळी खाली पार्किंगमध्ये होती, म्हणजे नानांना पाडणारा मी नव्हतो. पण दीड वर्षात मी कोणाकोणाला खडीत घातलं असेल, हे मला कधीच कळणार नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा काढून वाचला.

आरसीत नाही म्हणून चालतं का?

दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीतल्या नोंदी उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही, असं ते कलम सांगतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन गाडीच्या रचनेत उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही, असा तो निकाल आहे. त्यानंतर "आता सगळंच मॉडिफिकेशन बंद" अशा बातम्या आपण वाचल्या होत्या. पण त्या निकालाचा रोख गाडीच्या बांधणीवर होता आणि बल्बची नोंद आरसीत नसते. इथपर्यंत दुकानदार बरोबर.

पण कायदा कलम ५२ पाशी संपत नाही. हेडलाईटसाठी वेगळे नियम आहेत आणि ते आरसीवर अवलंबून नाहीत.

पहिला म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६. पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असला पाहिजे, किंवा चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. "समोरचा" म्हणजे कोण, हेही नियमात मोजून दिलं आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून समोरून येणारा आपल्या उजव्या हाताला असतो. दीड मीटर ही साधारण चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. हे वाचल्यावर मला तिथे स्कूटरवरचे नानाच दिसले.

दुसरे म्हणजे नियम १२४ आणि १२६. गाडीच्या सुरक्षेशी संबंधित भागांनी ठरवून दिलेली मानकं पाळायची असतात आणि नव्या मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची (पूर्वीच्या अहमदनगरची) व्हीआरडीई आपल्या महाराष्ट्रातल्याच. तिथे हेडलाईटची परीक्षा होते ती बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच यांच्या जोडीची. दुकानात आपण त्यातला बल्ब बदलतो तेव्हा ती परीक्षा त्या जोडीपुरतीच राहते. नव्या जोडीला कोणीही पास केलेलं नसतं.

तिसरं शिक्षेचं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आलं, ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. त्याचं चौथं पोटकलम थेट गाडीच्या मालकाला उद्देशून आहे. बाहेरून भाग बसवण्यासकट, कायद्यात परवानगी नसलेला कोणताही बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे आरसीचा प्रश्नच येत नाही. शिवाय कलम १९० प्रमाणे रस्ता सुरक्षेची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र.

म्हणजे कोजागरीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये बाहेरून आणलेलं झेनॉन किट बसवणं कायद्यात बसत नाही. कंपनीनेच झेनॉन लाईट लावून विकलेली गाडी मात्र पूर्ण कायदेशीर आहे.

मग मला दीड वर्षात कोणी अडवलं का नाही? कारण साधं आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. ट्रक-रिक्षाला ठराविक काळाने पासिंगला जावं लागतं, तसं आपल्याला तोपर्यंत जावं लागत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, लाईट बघत नाही. दिवसा अडवणाऱ्या पोलिसाला लाईट बंद असल्यामुळे काही दिसत नाही. अडवलं नाही याचा अर्थ चालतं असा मी घेतला होता, तो चुकीचा होता.

बल्ब बसतो, पण बिघडतं काय?

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे एक गोष्ट आम्ही ठेच खाऊन शिकतो. प्लग बसला म्हणजे सिस्टीम चालेलच असं नाही. किटचा बल्ब होल्डरमध्ये अगदी नीट बसतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो त्या लाईटसाठीच आहे.

आपल्या बऱ्याच गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. त्यात अप्पर आणि डिपरच्या दोन वेगळ्या फिलॅमेंट असतात. डिपरच्या फिलॅमेंटखाली वाटीसारखा छोटा पत्रा असतो. तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवतो. गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावला की वर अंधार आणि खाली उजेड अशी जी रेघ दिसते, ती या पत्र्याची करामत. आपल्याकडे ती रेघ डावीकडे थोडी वर चढते, म्हणजे रस्त्याची डावी कड लांबपर्यंत दिसते आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही.

झेनॉनमध्ये फिलॅमेंटच नसते. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही क्षार असतात. बॅलास्ट नावाचा डबा सुरुवातीला वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटून राहते. ३५ वॉटमध्ये साधारण ३,२०० ल्युमेन उजेड मिळतो. एच-४ चा डिपर १,००० ल्युमेनच्या आसपास असतो. म्हणजे कमी विजेत तिप्पट उजेड. तंत्रज्ञान म्हणून ते भारीच आहे. पण ठिणगीचा आकार, तिची जागा आणि ती कुठे जास्त तेजस्वी असते, हे सगळं फिलॅमेंटपेक्षा वेगळं. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा मात्र फिलॅमेंटच्या जागेवरून आखलेला. त्यामुळे ती रेघ पुसट होते आणि तिप्पट उजेडातला बराचसा भाग रेघेच्या वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मी डिपरवर असूनही लोक मला डिपर का देत होते, ते मला हे वाचल्यावर कळलं.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये झेनॉन लाईट पहिल्यांदा आले, तेव्हापासून कंपन्या त्यासाठी पूर्ण लाईटच वेगळा बनवतात. युरोपच्या नियमांत २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला आणखी दोन गोष्टी लागतात: झोताची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा. आपल्या गावच्या प्रवासाचा विचार केला की दोन्हींचं कारण लगेच समजतं. डिकीत दिवाळीचं सामान आणि मागे तीन माणसं बसली की गाडीचं तोंड वर उचलतं आणि झोतही वर जातो. काचेवर धूळ साचली की उजेड चारी बाजूंना फाकतो. साडेतीन हजारांच्या किटमध्ये यातलं काहीच नसतं.

आणखी एक गैरसमज माझाही होता. खोक्यावर ६,०००, ८,००० असा केल्विनचा आकडा असतो आणि आपण मोठा आकडा मागतो. तो उजेडाचा आकडा नाही, रंगाचा आहे. कंपनीच्या झेनॉनचा रंग ४,३०० केल्विनच्या आसपास असतो. त्याच्या वर जाल तसा उजेड निळसर होतो आणि सहसा कमीही होतो. शिवाय गाडीच्या लगेच पुढचा रस्ता फार उजळला की आपल्या डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. म्हणजे घाटात बंद पडलेला ट्रक लवकर दिसावा म्हणून घेतलेलं किट त्याच कामाला कच्चं होतं.

पार्किंगमधली परीक्षा

नियम १०६ मधली मापं इतकी स्पष्ट होती की मी ती घरीच करून बघायची ठरवली. एका रविवारी रात्री जेवणानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही सगळे उतरलो. मुलीने टेप धरला, मी खडूने खुणा केल्या. दिव्यापासून ८ मीटर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर. काठीवर दीड मीटरची खूण. नाना प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन खुर्चीवर बसले होते.

बायकोने डिपर लावला. मी गुडघे थोडे वाकवून डोळे खुणेच्या उंचीवर आणले. दोन सेकंदांत मान फिरवावी लागली. बायको ड्रायव्हिंग सीटवर हात हलवत होती म्हणे, मला गाडीसुद्धा दिसत नव्हती. नजर बाजूला वळवल्यावरही बराच वेळ एक हिरवट डाग तरंगत राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, मला पण बघू." मी नको म्हटलं. नाना तेवढं ऐकून खुर्चीवरून म्हणाले, "तिला नको म्हणतोस ना?" बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात किट काढलं आणि चांगल्या कंपनीचे ६०/५५ चे साधे बल्ब घातले. पुन्हा तीच खूण, तीच काठी. उजेड पिवळसर, पण डोळे उघडे ठेवता येत होते. गाडीचा नंबर वाचता येत होता आणि हलणारा हातही दिसत होता. या वेळी मुलीलाही उभं केलं.

हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरच्याला तीन सेकंद दिसलं नाही, तर तो ५० मीटर आंधळा चालतो. वय वाढतं तसा डोळ्यांना सावरायला जास्त वेळ लागतो आणि मोतीबिंदू असेल तर उजेड डोळ्यातच पसरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून जास्त आणि पायी चालणारे १९ टक्क्यांहून जास्त. सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ च्या वेळात झाले. हे सगळे लाईटमुळे झाले असं मी म्हणत नाही. पण दिवे लागल्यावर रस्त्यावर कोण असतं आणि कोणाच्या अंगावर पत्रा नसतो, एवढं त्यावरून कळतं.

मग रात्री दिसायचं कसं?

घाटात मला दिसत नव्हतं, ही अडचण खरीच होती. ती सोडवण्यासाठी मी पुढच्या गोष्टी केल्या, आणि त्या सगळ्या नियमात बसतात.

१. हेडलाईटच्या काचा पॉलिश करून घेतल्या. दहा वर्षांत प्लॅस्टिक पिवळं पडून धुरकट झालं होतं. सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

२. जुने बल्ब दोन्ही एकदम बदलले. हॅलोजन मंद होत जातो, पण हळूहळू, म्हणून लक्षात येत नाही. १००/९० वॉटचे "पॉवरफुल" बल्ब मात्र घेऊ नका. कंपनीच्या वायरिंगला ते जड जातात आणि होल्डर वितळतो.

३. होल्डरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का ते चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासलं. माझ्या गाडीत एक अर्थिंग सैल होतं.

४. झोताची पातळी सर्व्हिस सेंटरला मशीनवर लावून घेतली. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ लेव्हलरचं छोटं चाक असतं. मागे वजन असेल तेव्हा ते फिरवून झोत खाली घ्यायचा. मी आठ वर्षांत त्याला हात लावला नव्हता.

५. पुढची काच आतून पुसली. आतल्या चिकट थरामुळे समोरचा लाईट जास्त फाकतो.

६. वेग कमी केला आणि शक्यतो पहाटे निघायला लागलो. कोंडाईबारी आता उजेडात पार होते.

झेनॉन आता मागे पडलं, हल्ली दुकानात एलईडी बल्ब मिळतात आणि "हे चालतात" असं सांगतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालायचे असतील तर अडचण तीच आणि कायदाही तोच. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली आहे, पण ती ठराविक बल्ब आणि ठराविक गाडीचा लाईट यांची जोडी तपासून. म्हणजे तिथेही परीक्षा जोडीचीच. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच चांगला लाईट येत असेल आणि तो पूर्ण घ्यायचा विचार असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि आरटीओ दोन्हीकडे आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा, कारण न कळवलेल्या बदलावरून उद्या क्लेम अडकू शकतो.

आमच्या त्या किटचं खोकं अजून माळ्यावर आहे. काढताना पहिल्यांदा ते नीट वाचलं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं की हे फक्त सार्वजनिक रस्त्याबाहेर वापरण्यासाठी आहे. दुकानदाराने ते सांगितलं नाही, मीही वाचलं नाही. म्हणून विकायलाही काढलं नाही. विकलं तर ते दुसऱ्याच्या गाडीला लागेल.

नानांचं मनगट जुळलं आहे. थंडीत दुखतं, पण भाजी आणायला तेच जातात. अंधार पडायच्या आत जा म्हटलं तर ऐकत नाहीत.

कोजागरीला विचारणाऱ्या आपल्या मित्राने अजून किट घेतलेलं नाही. त्याला आणि आणखी कोणाला आपल्या गाडीची परीक्षा करून बघायची असेल तर एखाद्या रविवारी रात्री जेवून आमच्याकडे इच्छापोरला या. पार्किंगमध्ये खडूच्या खुणा अजून आहेत, टेप आणि काठी माझ्याकडे आहे. गाडीत कोणाला तरी बसवा आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहा. चहा बायको देते म्हणाली आहे.